ड्राइव्ह सापडत नाही, तेव्हा...

दुकानाचा हिशेब, घरच्या लग्नाची छायाचित्रे, शाळेच्या प्रकल्पाचे लेखन अशा कितीतरी गोष्टी आज आपण संगणकात ठेवतो. संगणक बिघडला, तर हे सारे नाहीसे होऊ शकते. म्हणून त्याची दुसरी प्रत वेगळ्या जागी ठेवतात. या प्रतीला ‘बॅकअप’ म्हणतात. ती ज्या पेटीत साठवतात, ती ‘बॅकअप ड्राइव्ह’.

काही ड्राइव्ह बिनतारी असतात. राउटर हे यंत्र वायफायच्या लहरींनी संगणक आणि ड्राइव्ह यांची गाठ घालून देते. ॲपल कंपनीने २००८ साली ‘टाइम कॅप्सूल’ नावाची अशी पेटी बाजारात आणली. तिच्यात राउटर आणि ड्राइव्ह एकत्रच होते. २०१८ साली कंपनीने तिचे उत्पादन थांबवले; पण इतर कंपन्यांचे बिनतारी ड्राइव्ह आजही मिळतात.

समजा, एके दिवशी संगणकाच्या पडद्यावर सूचना आली, ‘ड्राइव्ह सापडत नाही.’ घाबरू नका. नदीवरचा पूल तुटला, तर पलीकडचे गाव नाहीसे होते का? गाव जागेवरच असते. फक्त वाट बंद होते. इथेही बहुतेक वेळा वाटच बंद झालेली असते. ती कुठे बंद आहे, हे एकेक गोष्ट तपासून शोधा.

प्रथम वीज पाहा. ड्राइव्हचा दिवा लागला आहे का? प्लग सैल झाला नाही ना? वीज जाऊन आली असेल, तर थोडा वेळ थांबा. ड्राइव्हला सुरू व्हायला काही मिनिटे लागतात.

मग वायफायचे नाव पाहा. काही राउटर दोन नावांनी वायफाय देतात : एक घरच्यांसाठी, दुसरे पाहुण्यांसाठी. पाहुण्यांच्या वायफायवर इंटरनेट चालते, पण घरातली यंत्रे सहसा दिसत नाहीत. म्हणून संगणक आणि ड्राइव्ह एकाच वायफायवर हवेत.

आता पत्त्याचा विचार करू. राउटर प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता देतो, उदाहरणार्थ, १९२.१६८.१.५. वीज जाऊन आल्यावर हा पत्ता कधीकधी बदलतो. संगणक मात्र जुन्याच पत्त्यावर शोधत राहतो. घर बदललेल्या माणसाचे पत्र जुन्या घरी जावे, तसेच हे. अशा वेळी तिन्ही यंत्रे नीट बंद करा. आधी राउटर सुरू करा, दोन-तीन मिनिटांनी ड्राइव्ह आणि शेवटी संगणक सुरू करा.

तरीही ड्राइव्ह दिसला नाही, तर सोय असल्यास तो तारेने जोडून पाहा. तारेने दिसला, तर ड्राइव्ह ठीक आहे. अडचण वायफायची आहे. तो राउटरच्या जवळ आणा. जाड भिंत किंवा लोखंडी कपाट मध्ये असेल, तर लहरी क्षीण होतात. तारेनेही दिसला नाही आणि आतून टकटक आवाज येत असेल, तर तो लगेच बंद करून जाणकाराला दाखवा.

एक खबरदारी मात्र नक्की घ्या. तारेने जोडल्यावर संगणक कधीकधी ‘फॉरमॅट करू का?’ असे विचारतो. फॉरमॅट करणे म्हणजे भरलेली पाटी पुसून कोरी करणे. घाईने ‘हो’ म्हणू नका. वाट बंद झाली म्हणून कोणी गाव पाडत नाही!

लक्षात ठेवा, ड्राइव्ह सापडत नाही तोपर्यंत नव्या कामाची दुसरी प्रत तयार होत नाही. म्हणून सूचना दिसताच तपासणी करा. महिन्यातून एकदा बॅकअपमधील एखादी फाइल उघडून पाहा. अगदी महत्त्वाच्या गोष्टींची आणखी एक प्रत दुसरीकडे ठेवा. संगणक नवा विकत घेता येतो. आजीचे छायाचित्र विकत मिळत नाही.

स्वाध्याय
१. ‘ड्राइव्ह सापडत नाही’ ही सूचना पाहून घाबरू नये, असे लेखक का म्हणतो?
२. तिन्ही यंत्रे कोणत्या क्रमाने सुरू करावीत?
३. ‘दुकान’, ‘हिशेब’, ‘खबरदारी’ या शब्दांसाठी उर्दूत कोणते शब्द आहेत? उच्चारातील फरक सांगा.