इंधन पातळी संवेदक परिपथाचे दोषनिदान

वाहनाच्या टाकीत किती इंधन शिल्लक आहे हे चालकासमोरील फलकावर दाखवणाऱ्या विद्युत परिपथातील बिघाड क्रमाने चाचण्या घेऊन शोधणे, यास इंधन पातळी संवेदक परिपथाचे दोषनिदान म्हणतात. या परिपथात टाकीतील संवेदक, फलकावरील काटा किंवा अंकीय दर्शक आणि या दोहोंना जोडणाऱ्या तारा यांचा समावेश होतो. बिघाड झाल्यास बहुधा संवेदकालाच दोषी धरून टाकी उतरवली जाते. परंतु गंजलेला कनेक्टर किंवा सैल झालेले अर्थिंगही तशीच लक्षणे दाखवते. खोटा काटा ही केवळ गैरसोय नसते. विद्युत इंधन पंप टाकीतील इंधनानेच थंड राहत असल्यामुळे टाकी कोरडी पडल्यास तो निकामी होऊ शकतो. अनेक डिझेल वाहनांत नळ्यांमध्ये शिरलेली हवा बाहेर काढल्याखेरीज इंजिन पुन्हा सुरू होत नाही.

रचना व कार्य

बहुतेक मोटारींतील संवेदक हा बदलत्या रोधाचा असतो. इंधनावर तरंगणारा फ्लोट एका दांडीला जोडलेला असतो आणि दांडीच्या दुसऱ्या टोकाचा धातूचा स्पर्शक रोधपट्टीवर सरकतो. पातळी बदलली की रोध बदलतो. किती रोध म्हणजे भरलेली टाकी, हे निर्मात्यानुसार ठरते. अमेरिकी पद्धतीच्या एका प्रचलित प्रमाणात रिकाम्या टाकीला २४० ओहम व भरलेल्या टाकीला ३३ ओहम असतात; युरोपीय पद्धतीच्या एका प्रमाणात याच्या उलट, रिकाम्या टाकीला १० व भरलेल्या टाकीला १८० ओहम. त्यामुळे तार तुटल्यावर एका वाहनाचा काटा ‘रिकामी’ तर दुसऱ्याचा ‘भरलेली’ दाखवू शकतो, आणि वाहनाची सेवापुस्तिका पाहिल्याशिवाय मोजलेल्या रोधाला अर्थ नसतो.

जुन्या वाहनांत हा रोध थेट काट्याच्या परिपथात असे. त्यांपैकी अनेकांत इंधनाचा व इंजिनाच्या तापमानाचा काटा एकाच विद्युतदाब नियंत्रकावर चालत. असे दोन्ही काटे एकाच वेळी चुकू लागले तर टाकीकडे न जाता आधी तो नियंत्रक तपासावा लागतो. नव्या वाहनांत नियंत्रण एकक स्थिर रोधातून बहुधा ५ व्होल्टचा संदर्भ दाब पुरवते, संवेदकावरील दाब मोजते आणि त्यावरून पातळी ठरवते.

बिघाडाची कारणे

रोधपट्टीची झीज हे नेहमीचे कारण आहे. स्पर्शक जेथे सर्वाधिक वेळ फिरतो तो भाग आधी झिजतो. म्हणून काटा एका ठरावीक पातळीवर आला की क्षणभर कोसळतो आणि पुढे पुन्हा बरोबर दाखवतो. पोकळ फ्लोटला सूक्ष्म छिद्र पडल्यास तो बुडतो व टाकी भरूनही काटा तळाशीच राहतो. इंधनाचा दर्जाही कारणीभूत ठरतो. २००४ साली अमेरिकेच्या आखाती किनाऱ्यालगतच्या भागात पेट्रोलमधील गंधकामुळे संवेदकांतील चांदीयुक्त स्पर्शक खराब झाले आणि अनेक मोटारींचे काटे चुकीची पातळी दाखवू लागले. टाकी वाहनाच्या तळाशी असल्याने पावसाळ्यात पाणी व चिखल बसून कनेक्टरच्या पिना गंजतात.

अर्थिंगचा दोष सर्वांत फसवा असतो, कारण त्यात काटा बंद न पडता केवळ चुकतो. वर दिलेल्या २४० ते ३३ ओहमच्या परिपथात अर्थच्या जोडावर ६० ओहमचा जादा रोध निर्माण झाला, तर भरलेल्या टाकीचे ३३ ओहम ९३ भासतात. या प्रमाणात अर्ध्या टाकीला सुमारे १०३ ओहम असतात. म्हणजे काठोकाठ भरलेली टाकी अर्ध्याहून थोडीच अधिक दिसते. असा संवेदक बदलूनही काटा सुधारत नाही.

चाचणीचा क्रम

प्रथम फ्यूज पाहून फलकाची स्वयंचाचणी घेतात. अनेक वाहनांत ती काट्याला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवते. ओबीडी-२ प्रणालीत पी०४६० हा संकेतांक परिपथातील सर्वसाधारण दोष, पी०४६२ हा कमी संकेत, पी०४६३ हा जास्त संकेत आणि पी०४६४ हा अधूनमधून येणारा दोष दर्शवतो. कमी संकेत बहुधा अर्थला चिकटलेली तार सुचवतो, जास्त संकेत तुटलेली. मात्र सर्वच वाहने हे संकेतांक नोंदवत नाहीत.

यानंतरची चाचणी बिघाडाची बाजू ठरवते. इग्निशन बंद करून टाकीजवळील कनेक्टर सोडवतात आणि फलकाकडे जाणाऱ्या तारांच्या टोकांत ज्ञात मूल्याचा, उदाहरणार्थ १०० ओहमचा, रोधक जोडतात. इग्निशन सुरू केल्यावर काटा अपेक्षित जागी आला तर तारा व फलक निर्दोष ठरतात आणि संशय संवेदकावर किंवा सोडवलेल्या कनेक्टरवर येतो. तारा एकमेकींना थेट जोडण्याची जुनी रीत प्रचलित असली तरी ती टाळणे बरे: जुन्या काट्याचे वेटोळे जळू शकते, आणि नवे नियंत्रण एकक शून्य रोधाला बिघाड मानून वेगळेच काही दाखवते. रस्त्यातील हिंदोळ्यांनी काटा नाचू नये म्हणून तो मुद्दाम संथ केलेला असतो. निष्कर्षापूर्वी एक-दोन मिनिटे थांबावे लागते.

अर्थिंग तपासताना इंजिन चालू हवे. मल्टिमीटरची एक तार संवेदकाच्या अर्थवर व दुसरी बॅटरीच्या ऋण टोकावर ठेवल्यास दाबातील फरक ०.१ व्होल्टच्या आत असावा. अनेक वाहनांत इंधन पंप व संवेदक यांचे अर्थ एकच असते. खराब जोडाचा परिणाम पंपाचा मोठा प्रवाह वाहू लागल्यावरच ठळक होतो आणि इंजिन बंद असताना तो सुटून जातो.

संवेदकाचा रोध कनेक्टर सोडवूनच मोजतात. संवेदक बाहेर काढला असल्यास दांडी सावकाश फिरवून रोध सलग बदलतो का, हे पाहतात. मध्येच आलेली उडी म्हणजे झिजलेली पट्टी. अशा उडीसाठी काट्याचा मल्टिमीटर अधिक सोयीचा, कारण अंकीय मापकाचे आकडे ती चुकवू शकतात. मधोमध प्रोपेलर शाफ्ट जाणाऱ्या काही मोटारींत टाकीचे दोन कप्पे व दोन संवेदक असतात. तेथे एकच निकामी झाल्यास पातळी अर्धवट दिसते, म्हणून दोन्ही स्वतंत्रपणे मोजतात.

टाकी उघडण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक सोडवतात आणि हवा खेळती राहील अशा जागी, ज्वाला व ठिणगीपासून दूर काम करतात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत साचते. त्यामुळे दुरुस्तीच्या खड्ड्यात उतरून टाकी उघडणे विशेष धोक्याचे असते.