ओपसचं एमपी३ होताना

भजनी मंडळातला कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर माइकचं बटण दाबून गावातलं कीर्तन टिपतो आणि ग्रुपवर टाकतो. फोनवर ते छान वाजतं. तीच फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन गाडीतल्या जुन्या म्युझिक सिस्टीमला लावली, की तिला ती दिसतच नाही. व्हॉट्सअ‍ॅपचे आवाजी संदेश ओपस पद्धतीने दाबलेले असतात. हे तंत्र प्रमाणित झालं २०१२ साली, आणि जुन्या सिस्टीमला कळतो तो एमपी३. मग नेटवर शोधायचं, सापडेल त्या पानावर फाइल ओढून टाकायची, बटण दाबायचं आणि थोडं थांबायचं.

पूर्वी अशी फाइल हमखास कुठल्यातरी सर्व्हरवर जायची आणि तिथून बदलून परत यायची. आजही बरीच पानं तेच करतात. पण आता हे सगळं काम ब्राउझरच्या टॅबमध्येच उरकता येतं. ब्राउझरला एमपी३ वाजवता येतो, बनवता मात्र येत नाही. बनवणारा ‘लेम’ हा प्रोग्रॅम १९९८ पासून घडत आलाय, फुकट मिळतो, पण तो सी भाषेत लिहिलेला. असे प्रोग्रॅम ब्राउझरमध्ये वेगाने चालवायची सोय वेबअसेम्ब्लीने केली. २०१७ साली ती चारही मोठ्या ब्राउझरांत आली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेने एमपी३च्या पेटंटचे परवाने देणं थांबवलं, म्हणजे परवान्याची गरजही संपली. दोन्ही अडसर एकाच वर्षी दूर झाले.

ओपसमधून एमपी३मध्ये थेट जाता येत नाही. आधी ओपस उलगडून पूर्ण कच्चा आवाज काढावा लागतो आणि तो पुन्हा दाबावा लागतो. हा उलगडलेला आवाज अवाढव्य असतो. सेकंदाला ४८,००० नमुने आणि प्रत्येक नमुन्याला ४ बाइट धरले, तर एकाच चॅनेलचं दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग ११५ एमबी जागा खातं. दीड तासाचं कीर्तन १ जीबीच्याही वर जातं. स्वस्तातल्या फोनवर टॅब मध्येच मरतो, तो बहुधा यामुळेच. नीट लिहिलेला कन्व्हर्टर एकदम सगळं उलगडत बसत नाही, थोडं थोडं घेऊन पुढे सरकतो.

खरी काटछाट होते ती पुन्हा दाबताना. मोठ्या आवाजाच्या सावलीत त्याच्या आसपासच्या पट्टीतले बारीक आवाज आपल्या कानाला लागत नाहीत. एमपी३ आवाजाचे काही मिलिसेकंदांचे तुकडे पाडतो, प्रत्येक तुकड्यातल्या कंपनसंख्या सुट्या करतो आणि ऐकू न येणाऱ्या भागाचे आकडे ढोबळ करून टाकतो. गाणाऱ्याच्या लांबलेल्या सुरावर हे बेमालूम खपतं. चिपळ्यांवर खपत नाही. चिपळीचा ठोका तुकड्याच्या मध्यावर पडला, तरी ढोबळपणाची चूक तुकडाभर पसरते. म्हणजे ठोक्याच्या आधीच एक पुसट ‘खस्स’ उमटतो. युरोपातले अभियंते हा दोष हुडकायला कॅस्टनेट वाजवून बघतात; आपल्याला चिपळ्या किंवा टाळ पुरेत. असा ठोका ओळखून एमपी३ तिथे तुकडे एक तृतीयांश आकाराचे करतो. पण आपल्याकडे आलेला ठोका आधीच ओपसच्या हातून गेलेला, कडा बोथट झालेला असतो. त्यात दोघांच्या तुकड्यांच्या सीमाही जुळत नाहीत. त्यामुळे पहिल्याने केलेल्या चुकीवर दुसऱ्याची चूक चढते.

कन्व्हर्टरच्या पानांवर ‘३२० केबीपीएस, उत्तम दर्जा’ असा एक पर्याय ठळक करून ठेवलेला असतो. मला त्याचा राग येतो. ओपसने जे टाकून दिलं, ते परत आणण्याची ताकद कुठल्याही आकड्यात नाही. ३२०ने एवढंच होतं, की नव्याने होणारं नुकसान कमी राहतं. त्यासाठी दहा मिनिटांची फाइल २४ एमबीची होते. एकट्या माणसाचं बोलणं असेल, तर एका चॅनेलला ६४ केबीपीएस पुरतात आणि फाइल ४.८ एमबीत बसते. कीर्तनात टाळ-मृदंग असतात, तिथे १२८ घ्यावेत. आणि मूळ ओपस फाइल पुसू नये. उद्या वेगळं काही हवं झालं, तर एमपी३वरून पुन्हा रूपांतर करण्यापेक्षा ओपसवरूनच केलेलं बरं.

कधीकधी तर रूपांतराची गरजच नसते. क्रोममध्ये थेट टिपलेला आवाज ‘वेबएम’ फाइलमध्ये मिळतो, पण आत बहुधा ओपसच असतो. एखाद्या प्लेअरला ‘ऑग’ फाइलमधला ओपस चालत असेल, तर भाजी तीच ठेवून नुसता डबा बदलता येतो. त्यात आवाजाचा एक बिटही बदलत नाही आणि काम क्षणात होतं. अशी सोय देणारी पानं थोडी आहेत, पण शोधण्यासारखी आहेत.

घरगुती किंवा खासगी बोलणं असेल, तर फाइल टाकण्याआधी पान पूर्ण उघडू द्यावं आणि इंटरनेट बंद करावं. तरीही रूपांतर झालं, तर काम आपल्याच यंत्रावर झालं. अडलं, तर लगेच संशय घ्यायला नको. काही पानं लेम हा प्रोग्रॅम बटण दाबल्यावरच उतरवून घेतात. अशा वेळी आधी कसलीतरी बिनमहत्त्वाची फाइल बदलून घ्यावी, मग इंटरनेट बंद करून खरी फाइल द्यावी, आणि टॅब बंद केल्यावरच इंटरनेट पुन्हा सुरू करावं.