खोडलेली सात अक्षरे

उत्क्रांती शिकवल्याबद्दल जॉन स्कोप्स या शिक्षकावर 1925 मध्ये टेनेसीतील डेटन येथे चाललेला खटला सर्वपरिचित असला, तरी अमेरिकी सार्वजनिक शाळांतील या वादाचे मर्म त्यानंतर ऐंशी वर्षांनी पेनसिल्व्हेनियातील हॅरिसबर्ग येथे चाललेल्या ‘किट्झमिलर विरुद्ध डोव्हर’ खटल्यात, आणि त्यातही एका पाठ्यपुस्तकाच्या जुन्या मसुद्यांत अधिक स्पष्ट दिसते. मधला इतिहास थोडक्यात सांगता येतो. उत्क्रांतीच्या अध्यापनावरील बंदी सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्ये घटनाबाह्य ठरवली. तेव्हा विरोधकांनी बायबलमधील निर्मितिकथेला ‘निर्मितिविज्ञान’ असे नाव देऊन वर्गात बरोबरीची जागा मागितली. आणि शासनाने धर्माचा पुरस्कार करू नये या घटनेच्या पहिल्या दुरुस्तीतील तत्त्वावर ‘एडवर्ड्स विरुद्ध अगिलार्ड’ या निकालाने 19 जून 1987 रोजी लुइझियानाचा तसा कायदाही रद्द झाला.

डोव्हरच्या स्कूल बोर्डाने ऑक्टोबर 2004 मध्ये 6 विरुद्ध 3 मतांनी ‘इंटेलिजंट डिझाइन’ला, म्हणजे सजीवांची रचना कोणा बुद्धिमान रचनाकाराने केली असावी या मताला, अभ्यासक्रमात प्रवेश दिला. नववीच्या वर्गात वाचायचे निवेदन वाचण्यास विज्ञानशिक्षकांनी नकार दिला, म्हणून ते प्रशासकांना वाचावे लागले. त्यात ज्या पुस्तकाची शिफारस होती, त्या ‘ऑफ पांडाज अँड पीपल’च्या प्रती शाळेला देणगी म्हणून मिळाल्या होत्या, त्यांचे पैसे एका बोर्ड-सदस्याने आपल्या चर्चमध्ये गोळा केले होते, हे सुनावणीत उघड होईपर्यंत त्या देणगीविषयी मौनच पाळले गेले.

अकरा पालकांनी दावा दाखल केल्यावर, पुस्तकामागील टेक्सासमधील ‘फाउंडेशन फॉर थॉट अँड एथिक्स’ या संस्थेकडून न्यायालयाच्या हुकमाने मसुदे मागवण्यात आले. लुइझियानातील तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापिका बार्बरा फॉरेस्ट यांनी ते एकापुढे एक ठेवून वाचले. बचाव पक्षाने त्यांची साक्ष वगळण्याची खटपट केली होती, आणि साक्षीतून काय निघाले ते पाहता त्या खटपटीचे नवल वाटत नाही. 1983 ते 1987 या काळात पुस्तकाचे नाव ‘क्रिएशन बायॉलॉजी’, ‘बायॉलॉजी अँड क्रिएशन’, ‘बायॉलॉजी अँड ओरिजिन्स’ असे बदलत गेले. मजकुरातील ‘क्रिएशन’ मात्र 1987 च्या निकालापर्यंत टिकले आणि नंतर एकाएकी त्याच्या जागी ‘डिझाइन’ आले. व्याख्येचे वाक्य तेच राहिले, केवळ कर्ता बदलला. एका ठिकाणी तर ‘क्रिएशनिस्ट्स’ची जागा ‘डिझाइन प्रोपोनंट्स’ला देताना हात चुकला: पहिले ‘सी’ आणि शेवटचे ‘इस्ट्स’ जागेवरच राहिले, मधली सात अक्षरे तेवढी गेली, आणि ‘सीडिझाइन प्रोपोनंट्सिस्ट्स’ असा कोणत्याही कोशात न सापडणारा शब्द तयार झाला.

पाठचिकित्सेची, म्हणजे पोथ्यांतील पाठभेदांवरून मूळ संहितेचा माग काढण्याची रीत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यात ओळखीचे काही दिसेल. पुण्याच्या भांडारकर संस्थेत सुकथनकरांनी महाभारताच्या पोथ्यांच्या शाखा लावताना समान पाठांइतकेच समान प्रमादही पारखले, कारण एकच चूक दोन पोथ्यांत आढळली तर त्यांचे मूळ बहुधा एक असते. जीवशास्त्रज्ञही वेगवेगळ्या प्रजातींच्या जनुकांत एकाच जागी आढळणाऱ्या निरुपयोगी बिघाडांवरून समान पूर्वजाचे अनुमान काढतात. ज्या तर्काने उत्क्रांती सिद्ध होते, त्याच तर्काने तिला नाकारणाऱ्या पुस्तकाची वंशावळ उलगडली गेली.

न्यायाधीश जॉन जोन्स (तिसरे) हे जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी नेमलेले असल्याने बोर्डाच्या समर्थकांना त्यांच्याकडून आशा होती. परंतु 20 डिसेंबर 2005 रोजी दिलेल्या 139 पानी निकालपत्रात त्यांनी इंटेलिजंट डिझाइन हे विज्ञान नाही असे ठरवताना या मसुद्यांवर भर दिला. त्याआधीच नोव्हेंबरमध्ये मतदारांनी निवडणुकीला उभ्या राहिलेल्या जुन्या सदस्यांना घरी बसवले होते. सुनावणीत पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीचा मसुदाही पुढे आला: त्यात ‘इंटेलिजंट डिझाइन’च्या जागी ‘आकस्मिक उद्भव’ हे शब्द बसवलेले होते, आणि व्याख्येच्या त्याच जुन्या वाक्यात मासे परां-खवल्यांसह, पक्षी पिसे-चोचींसह, पूर्वीच्याच क्रमाने उभे होते.