उन्हाची गावं, लेखांक 5 – पाम स्प्रिंग्ज : सावली पाहून ठरवायची सुट्टी

पाम स्प्रिंग्जला जायचं ठरलं की बहुतेक जण आधी हॉटेल शोधायला लागतात. माझं सांगणं असं, की हॉटेलचा विचार तिसरा. पहिला महिन्याचा, दुसरा गावाच्या कोणत्या बाजूला राहायचं याचा. गेल्या आठवड्यात जैसलमेरच्या हवेल्यांनी ऊन कसं उंबऱ्याबाहेर ठेवलं ते आपण पाहिलं. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या या वाळवंटी गावाने तेच काम काच, पोलाद आणि सपाट छपरं घेऊन केलं, तेही सुट्टीला येणाऱ्यांसाठी. बुटके लांबट बंगले, अंगणातला निळा तलाव, ताडांच्या रांगा या इथल्या ऐटीच्या खुणा. त्यांच्यामागे सावलीचा फार बारीक हिशोब आहे. सुट्टीची आखणीही त्याच हिशोबाने केली तर हे गाव खरं उपभोगता येतं.

लॉस एंजेलिसहून पूर्वेला साधारण 170 किलोमीटर. रस्ता मोकळा असेल तर दोन तास, शुक्रवारी संध्याकाळी निघालात तर चारसुद्धा. शेवटच्या टप्प्यात रस्ता सॅन गोर्गोनियो खिंडीतून जातो. डावीकडे सॅन गोर्गोनियो, उजवीकडे सॅन हसिंटो, आणि मध्ये शेकडो पवनचक्क्या. खोऱ्यातली तापलेली हवा वर चढते, तिची जागा घ्यायला समुद्राकडची गार हवा या अरुंद वाटेने आत घुसते, म्हणून इथे वारा जवळपास कायम असतो. सॅन हसिंटोचं शिखर 3,302 मीटर उंच आहे आणि त्याच्या पायथ्याचं पाम स्प्रिंग्ज समुद्रसपाटीपासून जेमतेम दीडशे मीटरवर. पॅसिफिकवरून येणारे ढग डोंगराच्या पश्चिम उतारावरच रिते होतात. महाबळेश्वरला धो धो पाऊस आणि माण-खटावला टँकर, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना याहून जास्त समजावून सांगायला नको. पाम स्प्रिंग्जला वर्षभरात पाच इंचांच्या आसपास पाऊस पडतो.

आता महिना. जानेवारीत दुपारी 21 अंश, रात्री सात-आठ. जुलैत दुपारचं सरासरी तापमान 42 अंश, आणि 5 जुलै 2024 रोजी इथे 51.1 अंशांची नोंद झाली, गावाच्या इतिहासातली सर्वांत जास्त. हे आकडे मी मुद्दाम देतोय. अमेरिकेत मुलांकडे येणारे आईबाबा बहुधा मे ते ऑगस्टमध्ये तिथे असतात, आणि लॉस एंजेलिस, अर्व्हाइन किंवा सॅन डिएगोला राहणारी मुलं त्यांना हौसेने वाळवंट दाखवायला नेतात. विदर्भातून आलेल्यांना वाटतं, ऊन आपल्याला नवं नाही. पण इथली हवा इतकी कोरडी, की घाम आल्याचं कळण्याआधीच वाळतो आणि शरीरातलं पाणी गेल्याचा पत्ता लागत नाही. सत्तरीच्या माणसाला जुलैत इथे आणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. हॉटेलांचे दर त्या दिवसांत बरेच उतरतात, तो मोह टाळावा. येणं पुढे ढकलता येत असेल तर ऑक्टोबरच्या मध्यानंतरचं बघा.

ऑक्टोबर ते एप्रिल हा इथला हंगाम, पण त्यातही गर्दीच्या लाटा आहेत. जानेवारीत चित्रपट महोत्सव, फेब्रुवारीत मॉडर्निझम वीक, मार्चमध्ये शेजारच्या इंडियन वेल्सला टेनिस, आणि एप्रिलमध्ये इंडिओला दोन शनिवार-रविवार कोचेला संगीत महोत्सव. एप्रिलच्या त्या आठवड्यांत खोऱ्यातल्या खोल्यांचे भाव ऐकवत नाहीत. मला विचाराल तर नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंगचे दिवस सोडून. मंगळवारी जावं आणि शुक्रवारी सकाळी परतावं. मधल्या वारी दर कमी असतात, आणि गुरुवारी संध्याकाळी पाम कॅनियन ड्राइव्ह हा मुख्य रस्ता गाड्यांना बंद करून तिथे बाजार भरतो, तोही पदरात पडतो.

गावाची बाजू हा मुद्दा मात्र फारसं कुणी सांगत नाही. डोंगर गावाच्या अगदी पश्चिमेला, जवळजवळ सरळसोट उभा आहे. त्यामुळे हिवाळ्यात पायथ्याच्या वस्तीत दुपार कलता कलताच सूर्य डोंगराआड जातो. आकाश लख्ख असतं, पण अंगणावर सावली, आणि तलावाकाठी शालीवाचून बसवत नाही. डिसेंबर-जानेवारीत तलावाकाठी लोळणं हाच बेत असेल, तर डोंगरापासून दूर, पूर्वेकडचं हॉटेल घ्या. ऑक्टोबरात किंवा एप्रिलअखेरीस जात असाल तर नेमकं उलट करा. तेव्हा डोंगराची ती लवकर येणारी सावली हीच चैन असते. आणखी एक. इथली बरीचशी लहान हॉटेलं फक्त प्रौढांसाठी आहेत, मुलांना घेत नाहीत. मुलं बरोबर असतील तर पैसे भरण्याआधी हे विचारून घ्यावं. दाखवलेल्या दरावर कर आणि रिसॉर्ट फी चढते, तेही धरून चाला.

आता घरांविषयी. या गावावर माझा जीव आहे तो त्यांच्यामुळे.

दुसऱ्या महायुद्धानंतर इथे पैसा आला, हॉलिवूडची माणसं आली, आणि त्यांच्याबरोबर वास्तुविशारदांची एक विलक्षण पिढी आली. 1946 साली रिचर्ड नॉयट्राने एडगर कॉफमन या व्यापाऱ्यासाठी इथे घर बांधलं. याच कॉफमनने त्याआधी फ्रँक लॉइड राइटकडून पेनसिल्व्हेनियात धबधब्यावरचं ‘फॉलिंगवॉटर’ बांधून घेतलं होतं. 1947 मध्ये फ्रँक सिनात्राला जुन्या थाटाचा, विटा आणि खांबांचा जॉर्जियन वाडा हवा होता. ई. स्टुअर्ट विल्यम्स या तरुण वास्तुविशारदाने त्याला समजावलं, की वाळवंटात तो शोभणार नाही. मग उभं राहिलं ते बसकं, लांबलचक घर. त्याच्या तलावाचा आकार पियानोची आठवण करून देतो, आणि तलावाकडे जाणाऱ्या मार्गिकेच्या छताला ठेवलेल्या फटींतून ऊन असं उतरतं, की जमिनीवर पियानोच्या पट्ट्या उमटतात. म्हणजे शोभेची वस्तूसुद्धा सावलीचीच केलेली.

पण श्रीमंतांची घरं कुठेही सुंदर असतात. पाम स्प्रिंग्जचं मोठेपण पुढच्या दशकात दिसतं. अलेक्झांडर कन्स्ट्रक्शन कंपनीने इथे मध्यमवर्गीयांच्या सुट्टीसाठी घरांच्या वसाहती उठवल्या, आणि त्यांतली अनेक विल्यम क्रिसेलने आखली. 1957 च्या ट्विन पाम्स वसाहतीत त्याने एकच चौरस नकाशा वापरला, प्रत्येक बाजू चाळीस फूट. खर्च आवाक्यात राहिला तो त्यामुळे. मग तोच चौरस कधी नव्वद अंशांत फिरवला, कुठे छप्पर सपाट ठेवलं, कुठे मध्ये खोलगट आणि दोन्ही कडांना उचललेलं केलं. आज त्या गल्लीतून चालताना दोन घरं सारखी वाटत नाहीत. थांबून बारकाईने पाहा. वळचण भिंतीच्या पुष्कळ बाहेर आलेली असते, त्यामुळे उन्हाळ्यातलं उभं ऊन काचेवर पडत नाही आणि हिवाळ्यातलं तिरपं ऊन घरात येतं. भिंतीच्या माथ्याशी, छपराला लागून अरुंद काचा असतात, त्यांतून डोंगर दिसतो आणि शेजारी दिसत नाही. रस्त्याच्या बाजूला सिमेंटच्या नक्षीदार जाळ्या, वारा आत सोडणाऱ्या आणि झळ अडवणाऱ्या. स्वस्तातलं घर इतक्या विचाराने बांधता येतं, हे तिथे डोळ्यांना दिसतं, आणि आपल्याकडच्या नव्या वसाहतींमधल्या पश्चिमेला तोंड करून तापणाऱ्या काचा आठवून हळहळ वाटते.

आल्बर्ट फ्रे हा या सगळ्यांत माझा सर्वांत आवडता. मूळचा स्वित्झर्लंडचा, ल कार्ब्युझिएच्या हाताखाली काम केलेला. 1964 मध्ये त्याने गावावरच्या उतारावर स्वतःसाठी छोटंसं घर बांधलं. जागेवर एक प्रचंड खडक होता, तो फोडण्याऐवजी त्याने घरच त्याच्याभोवती बसवलं. खडक काचेतून आत येतो आणि बैठकीची जागा व बिछाना यांच्यामधली भिंत होतो. पडदे पिवळे, कारण वसंतात त्या उतारावर फुलणारी रानफुलं पिवळी असतात. घर आता पाम स्प्रिंग्ज आर्ट म्युझियमकडे आहे. आत जायला मिळतं ते मुख्यतः मॉडर्निझम वीकमध्ये, आणि त्याची तिकिटं आदल्या नोव्हेंबरातच विक्रीला येऊन भराभर संपतात. नाही मिळालं तरी फ्रेची दुसरी वास्तू सर्वांना खुली आहे. गावाच्या उत्तर वेशीवरचा 1965 चा पेट्रोल पंप, उंच उचललेल्या टोकदार छपराचा, हेच आता पर्यटक केंद्र आहे. सहलीची सुरुवात तिथून करा, घरांचे नकाशे तिथेच मिळतात. बाकी बहुतेक घरांत माणसं राहतात, तेव्हा ती रस्त्यावरूनच पाहायची.

ही सगळी घरं कोणाच्या जमिनीवर आहेत, हे कळल्याशिवाय हे गाव अर्धंच कळतं. इथले मूळ रहिवासी काव्हिया लोक, त्यांतली आग्वा कालिएंते ही जमात. एकोणिसाव्या शतकात सरकारने एक-एक चौरस मैलाच्या चौकटी पाडून एकाआड एक रेल्वे कंपनीला दिल्या आणि उरलेल्यांतून जमातीची राखीव जमीन ठरवली. म्हणून आजही गावात एका चौकात जमीन मालकीची आणि पुढच्या चौकात जमातीकडून भाडेपट्ट्याने घेतलेली, असं असतं. मध्यवस्तीलगतच्या सेक्शन 14 या चौकटीत कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन मजूर कुटुंबं भाड्याने राहत होती. बंगले बांधणारे आणि हॉटेलांत राबणारे हात त्यांचेच. लांब मुदतीचे भाडेपट्टे कायदेशीर झाले, जागेला भाव आला, आणि 1950-60 च्या दशकांत ती घरं पाडली, जाळली गेली. नगर परिषदेने 2021 मध्ये माफी मागितली, 2024 मध्ये 59 लाख डॉलरच्या भरपाईला मंजुरी दिली. त्याच सेक्शन 14 मध्ये, गरम पाण्याच्या मूळ झऱ्यावर जमातीने 2023 साली नवं स्नानगृह आणि शेजारी स्वतःचं वस्तुसंग्रहालय उघडलं. आधी संग्रहालय पाहावं, मग पाण्यात उतरावं.

जमातीच्याच ताब्यातल्या इंडियन कॅनियन्समध्ये एक सकाळ घालवायलाच हवी. पाम कॅनियन ही सुमारे 24 किलोमीटरची घळ. तळाशी ओढा आणि त्याच्या दोन्ही काठांनी कॅलिफोर्नियाचे देशी पंखाताड, वाळक्या झावळ्यांचे घेर खोडाभोवती तसेच ठेवून उभे. रस्त्यांवर दिसणारे ताड लावलेले आहेत, हे इथे आपसूक वाढलेत. सकाळी दार उघडताच जा, परतताना ऊन चढलेलं असेल.

दुपार सॅन हसिंटोवर चढणाऱ्या ट्रामसाठी ठेवा. 1963 मध्ये सुरू झालेला हा पाळणा दहा मिनिटांत 2,643 फुटांवरून 8,516 फुटांवर नेतो, आणि चढताना त्याचा तळ सावकाश गोल फिरतो, म्हणून खिडकीची जागा पकडायची धडपड नको. याचे पाच मनोरे आहेत. त्यांतल्या पहिल्यापर्यंतच रस्ता होता, बाकीच्यांचं सामान हेलिकॉप्टरने वर नेलं. वर पाइनचं जंगल आहे, खालच्यापेक्षा पंधरा-सोळा अंश गार, हिवाळ्यात बर्फ. स्वेटर गाडीत विसरू नका. सप्टेंबरमध्ये देखभालीसाठी ट्राम काही आठवडे बंद असते.

परतीच्या दिवशी वेळ उरला तर इंडिओकडे वळा. अमेरिकेतला बहुतेक खजूर याच खोऱ्यात पिकतो. उत्तर आफ्रिकेतून आणलेल्या डेगलेट नूर आणि मेजूल या जातींची ही लागवड, फुलोऱ्याचं परागीकरण आजही माणसांनी शिडीवर चढून हाताने करायचं. 1924 पासूनच्या शील्ड्स डेट गार्डनमध्ये खजूर घातलेला दाट मिल्कशेक मिळतो. एक पेला दोघांना पुरतो.

साधारण तासाभरावरचं जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यान मी या आखणीत जाणूनबुजून घेतलेलं नाही. मोहावी आणि कोलोरॅडो ही दोन वाळवंटं तिथे एकमेकांना मिळतात, आणि एका उंचीवरून खाली उतरता उतरता झाडांची जातच बदलते. ते एका दुपारीत उरकण्यासारखं नाही. पुढचा लेखांक त्याच्यासाठीच.