घरातील वायफाय राऊटर : मांडणी, सुरक्षा आणि आपली जबाबदारी



पूर्वी घरात टेलिफोन आला की तो ओटीवर, सर्वांच्या नजरेसमोर, विणलेल्या रुमालावर मानाने ठेवला जात असे. आज त्याची जागा एका लहानशा पेटीने घेतली आहे. परंतु तो मान काही तिच्या वाट्याला आलेला नाही. जोडणी करणारा मुलगा येतो, दाराच्या वर खिळा ठोकून पेटी अडकवतो, घरमालकाचा मोबाईल क्रमांक हाच पासवर्ड म्हणून घालून देतो आणि अर्ध्या तासात निघून जातो. परदेशी असलेल्या लेकीचा किंवा नातवंडांचा चेहरा पडद्यावर दिसू लागला की घरातील सर्वांना काम पूर्ण झाल्याचे समाधान वाटते. वास्तविक निम्मे काम अद्याप शिल्लक असते. ते कोणते व ते घरच्या घरी कसे करावे, याविषयी प्रस्तुत लेखात माहिती देत आहोत.

सानपाड्याचा धडा

हे काम टाळल्यास काय होऊ शकते, याचे उदाहरण आपल्यापासून फार दूर नाही. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबाद शहरात बॉम्बस्फोटांची मालिका घडली व पन्नासहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तसंस्थांना धमकीचा ई-मेल मिळाला होता. तो कोठून आला याचा माग काढीत पोलीस नवी मुंबईतील सानपाडा येथे एका परदेशी गृहस्थाच्या सदनिकेत पोहोचले. त्या गृहस्थाचा त्या ई-मेलशी काहीही संबंध नव्हता. त्याच्या घरातील वायरलेस जोडणीचा कुणीतरी परस्पर वापर केला होता. पुढील दोन महिन्यांत माटुंग्यातील एका महाविद्यालयाची व चेंबूरमधील एका कंपनीची जोडणी अशाच प्रकारे वापरली गेली.

असे का घडू शकले, हे समजून घेणे अगत्याचे आहे. आपल्या घरातील मोबाईल, संगणक, दूरदर्शन संच यांपैकी कोणतेही उपकरण इंटरनेटवर गेले, तरी बाहेरच्या जगाला केवळ एकच पत्ता दिसतो. तो म्हणजे आपल्या जोडणीचा. सेवा देणाऱ्या कंपनीच्या दप्तरी त्या पत्त्यापुढे ज्याच्या नावे जोडणी आहे, त्याचेच नाव असते. शेजारच्या जिन्यात बसलेल्या अनोळखी माणसाने आपली जोडणी वापरली, तरी पोलीस प्रथम आपले दार ठोठावणार. म्हणून राऊटरची नीट मांडणी करणे हा केवळ तांत्रिक हौसेचा विषय नाही.

पेटीचे कार्य

जुन्या तांब्याच्या टेलिफोन तारेवरून येणाऱ्या ब्रॉडबँडसाठी मोडेम लागत असे. आता बहुतेक ठिकाणी काचेच्या तंतूची, म्हणजेच फायबरची जोडणी आली आहे. त्या तंतूतून प्रकाशाच्या रूपाने आलेला संदेश विजेच्या संदेशात बदलणे हे एक कार्य आणि तो घरातील अनेक उपकरणांना वाटून देणे हे दुसरे. हे वाटून देणारे यंत्र म्हणजे राऊटर. अनेक घरांत ही दोन्ही कार्ये एकाच पेटीत होतात, तर काही घरांत दोन पेट्या असतात.

फायबरची पिवळी किंवा पांढरी तार काटकोनात वाकवू नये. आतील काच तडकते वा प्रकाश गळतो. तिचे उघडे टोक डोळ्यांसमोर धरून पाहू नये. त्यातील प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.

जागेची निवड

दाराच्या वरचा कोपरा जोडणी करणाऱ्याला सोयीचा असतो, घरातील माणसांना नव्हे. राऊटरच्या लहरी चोहोबाजूंनी पसरतात. पेटी बाहेरच्या भिंतीवर असेल तर त्यांपैकी अर्ध्या लहरी अंगणात जातात. शक्यतो घराच्या मध्यभागी, उंचावर, मोकळ्या जागी ती ठेवावी. लोखंडी कपाट, मोठा आरसा, पाण्याची टाकी, मासे ठेवण्याची काचपेटी यांच्यामागे लहरी अडतात. आपल्याकडील जुन्या घरांच्या जाड भिंती आणि सिमेंटचे स्लॅब हाही मोठाच अडथळा आहे. खाली ओटीवर असलेल्या राऊटरची लहर माडीवर क्षीण होते, ती यामुळेच. अशा घरात महागडा राऊटर घेण्याऐवजी माडीपर्यंत एक लॅन केबल ओढून तेथे दुसरा लहान राऊटर लावणे अधिक खात्रीचे ठरते.

बहुतेक राऊटर दोन प्रकारच्या लहरी वापरतात. २.४ गिगाहर्ट्झची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांबीची असते. ती भिंतींतून अधिक चांगली पार होते व दूर पोहोचते, पण तिच्यावर गर्दी फार. शेजाऱ्यांचे राऊटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात काम करतात. ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान असते, मात्र भिंतींपुढे लवकर थकते. राऊटरजवळच्या खोलीत ५ आणि दूरच्या खोलीत २.४, हा साधा नियम लक्षात ठेवावा.

मांडणीच्या पानावर प्रवेश

राऊटरच्या मागे अथवा खाली एक चिठ्ठी चिकटवलेली असते. तिच्यावर एक पत्ता छापलेला असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा. मोबाईल अथवा संगणक घरच्या वायफायला जोडून हा पत्ता इंग्रजी अंकांत ब्राऊझरच्या वरच्या पट्टीत लिहिला की मांडणीचे पान उघडते. काही वेळा 'ही जागा सुरक्षित नाही' अशी सूचना दिसते. आपण घरातल्याच पेटीशी बोलत असल्याने तिला घाबरण्याचे कारण नाही. त्यानंतर नाव व पासवर्ड विचारला जातो. तोही त्याच चिठ्ठीवर असतो. काही कंपन्यांनी यासाठी मोबाईल ॲप दिले आहे, तर काही कंपन्या हे पान ग्राहकाला पूर्णपणे खुले करीत नाहीत. अशा वेळी पुढील बदल त्यांच्याकडून आग्रहाने करून घ्यावेत.

दोन पासवर्ड, दोन कुलुपे

येथे अनेकांचा गोंधळ होतो. राऊटरला एक नव्हे, दोन पासवर्ड असतात. वायफायचा पासवर्ड घरातील जोडणी वापरण्यासाठी असतो. दुसरा असतो खुद्द मांडणीच्या पानाचा. पहिला आपण पाहुण्यांना सांगतो. दुसरा कुणालाही सांगायचा नसतो. दुर्दैवाने तोच बदलायचा राहून जातो व कारखान्यातून आला तसा कायम राहतो. २०१६ साली 'मिराई' नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरातील लाखो कॅमेरे व राऊटर ताब्यात घेतले. कारखान्याने घातलेल्या साठ-एक नाव-पासवर्डांच्या जोड्या तो एकामागून एक लावून पाहत असे. त्या यंत्रांच्या मालकांना याचा पत्ताही नव्हता.

वायफायचा पासवर्ड किमान आठ व कमाल त्रेसष्ट अक्षरांचा असू शकतो. मोबाईल क्रमांक मुळीच ठेवू नये. आपल्या लहरी जवळपास बसून टिपता येतात आणि मग घरी नेऊन निवांतपणे संगणकाकरवी पासवर्डचा अंदाज बांधता येतो. भारतातील मोबाईल क्रमांक दहा अंकी व ६ ते ९ यांपैकी एका अंकाने सुरू होणारा. म्हणजे शक्यता झाल्या चारशे कोटी. आकडा मोठा वाटतो, पण आजचा शक्तिशाली संगणक त्या सर्व काही तासांत तपासून पाहतो. त्याऐवजी एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत सलग लिहावेत. लक्षात ठेवायला सोपे, तर्क करायला अवघड. दोन्ही पासवर्ड घरातील वहीत नोंदवून ठेवण्यास हरकत नाही. वही काही इंटरनेटवर नसते.

जोडणीच्या नावात आपले आडनाव वा घर क्रमांक घालू नये. कोणती लहर कोणाच्या घरची, हे वाटसरूंना सांगण्याचे कारण नाही.

संरक्षणाचा प्रकार

मांडणीच्या पानावर 'सिक्युरिटी' या शीर्षकाखाली काही पर्याय दिसतात. त्यांतील डब्ल्यूईपी हा १९९७ सालचा प्रकार; त्यातील दोष २००१ सालीच उघड झाला, तरी जुन्या राऊटरांवर तो अजून आढळतो. २००३ सालचा पहिला डब्ल्यूपीए ही तात्पुरती मलमपट्टी होती. २००४ सालचा डब्ल्यूपीए २ आजही चालतो. त्यात 'एईएस' हा पर्याय निवडावा. २०१८ साली आलेला डब्ल्यूपीए ३ सर्वांत चांगला. त्यात लहरी टिपून नंतर निवांतपणे पासवर्ड ओळखण्याची वाट बंद केली आहे. घरात जुने मोबाईल असतील तर डब्ल्यूपीए २ व ३ असा मिश्र पर्याय ठेवावा. 'ओपन' कधीही ठेवू नये.

बंद करावयाच्या गोष्टी

पासवर्ड न लिहिता बटण दाबून वा आठ अंकी क्रमांकाने जोडणी करून देणारी डब्ल्यूपीएस नावाची सोय असते. ते आठ अंक राऊटर दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा अंक केवळ पडताळणीचा असतो. त्यामुळे कोट्यवधी नव्हे, तर जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत कुलूप उघडते, हे २०११ साली सिद्ध झाले. ही सोय बंद ठेवावी. तसेच बाहेरून मांडणी बदलू देणारा 'रिमोट मॅनेजमेंट' हा पर्यायही बंद असल्याची खात्री करावी.

राऊटरच्या आतील प्रोग्रॅमला फर्मवेअर म्हणतात. त्यातील दोष कंपन्या वेळोवेळी दुरुस्त करतात. ही दुरुस्ती आपोआप उतरवून घेण्याचा पर्याय असल्यास तो चालू करावा. ब्राझीलमध्ये २०११-१२ च्या सुमारास अशाच एका न दुरुस्त केलेल्या दोषाचा फायदा घेऊन सुमारे ४५ लाख मोडेमांतील पत्ते शोधण्याची व्यवस्था बदलण्यात आली. लोक आपल्या बँकेचा पत्ता अचूक लिहीत होते, पण पोहोचत होते चोरट्यांनी उभ्या केलेल्या पानांवर. कंपनीने दुरुस्त्या देणे थांबवलेला राऊटर दिसायला धडधाकट असला, तरी बदलणेच श्रेयस्कर.

पाहुणे आणि मुले

लग्नकार्याला, सणाला घर भरते व प्रत्येक जण पासवर्ड मागतो. बहुतेक राऊटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळी जोडणी उघडता येते. तिच्यावरून इंटरनेट मिळते, परंतु घरातील संगणक वा कॅमेऱ्यापर्यंत पोहोचता येत नाही. कार्य आटोपल्यावर ती बंद करावी.

मुलांच्या उपकरणांना रात्री ठराविक वेळेनंतर जोडणी मिळू नये, अशीही व्यवस्था अनेक राऊटरमध्ये असते. पालकांनी ती अवश्य वापरावी. मात्र तिच्यावर विसंबून राहू नये. मुलाच्या हातातील मोबाईलमध्ये स्वतंत्र डेटा असेल तर तो राऊटरला वळसा घालून जातो. अशा वेळी मुलांशी बोलणे, त्यांच्याजवळ बसणे हाच उपाय उरतो.

वेग आणि बिघाड

अनेकांची तक्रार असते की ४० चा वेग विकत घेतला, पण ५ च मिळतो. कंपनी मेगाबिटमध्ये सांगते, तर उतरणारी फाईल मेगाबाईटमध्ये मोजली जाते. आठ बिटांचा एक बाईट होतो. तेव्हा ४० चे ५ हे गणित बरोबरच आहे. खरा वेग पाहायचा असल्यास संगणक केबलने राऊटरला जोडून पाहावा. केबलवर वेग पूर्ण व वायफायवर कमी असेल, तर दोष जागेचा आहे, कंपनीचा नव्हे. २००४ च्या धोरणात सेकंदाला २५६ किलोबिट वेगाला ब्रॉडबँड म्हटले जाई, २०२३ पासून ही किमान मर्यादा २ मेगाबिट झाली आहे, हेही जाता जाता नमूद करावेसे वाटते.

जोडणी बंद पडल्यास प्रथम दिवे पाहावेत. एल.ओ.एस. असे लिहिलेला दिवा लाल चमकत असेल तर फायबर तुटली आहे किंवा निसटली आहे, कंपनीला कळवावे. अन्यथा राऊटर बंद करून अर्ध्या मिनिटाने पुन्हा सुरू करावा. मागच्या छिद्रात टाचणी घालून 'रिसेट' करण्याची घाई मात्र करू नये. त्यामुळे आपण केलेले सर्व बदल, तसेच कंपनीने दिलेले जोडणीचे नाव व पासवर्डही पुसले जाऊ शकतात. ते आधीच वहीत लिहून ठेवलेले बरे. पावसाळ्यात विजा कडाडू लागल्या की अडॅप्टर सॉकेटमधून काढून ठेवावा. काचेच्या तंतूतून वीज येत नाही, पण विजेच्या तारेतून नक्की येते.

शेवटी एक विनंती

वरील सर्व कामाला तासाभराहून अधिक वेळ लागत नाही. परंतु आपल्या गावांत अशी कित्येक घरे आहेत, जेथे केवळ वयोवृद्ध आईवडील राहतात आणि मुले दूरदेशी आहेत. त्यांना या पेटीला हात लावण्याचेही भय वाटते. आपल्या धर्मग्रामातील तरुण-तरुणींनी येत्या रविवारी अशा एका तरी घरी जावे, त्या आजी-आजोबांना शेजारी बसवून हे बदल करून द्यावेत आणि पासवर्ड मात्र त्यांनाच निवडू द्यावा. तो स्वतःच्या मोबाईलमध्ये न टिपता त्यांच्या वहीत त्यांच्याच हाताने लिहवून घ्यावा.