शिक्षा झाली म्हणजे सगळं संपलं का?

चांदे (ता. मुळशी) इथे तरुणांशी बोलताना हा प्रश्न आम्हाला हमखास विचारला जातो. उत्तर आहे : नाही. गुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षाची असते.

भटक्या जमातींतील सहा जणांना सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये फाशी ठोठावली. त्याच न्यायालयाने 5 मार्च 2019 रोजी सहाही जणांना निर्दोष सोडले. साक्षीदाराने पोलिसांच्या फोटोंमधून आधी वेगळेच चौघे ओळखले होते. ते न्यायालयापुढे आलेच नव्हते.

अपिलात हेच दाखवायचे : पुरावा अपुरा, साक्षी विसंगत, कायदा चुकीचा लावला. मुदत पाळा. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या शिक्षेविरुद्ध सत्र न्यायालयात 30 दिवस, सत्र न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात 60 दिवस. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला आणि कैद्याला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. निकालाची प्रत घ्या, रडत बसू नका. जय भीम!