मस्काराची परीक्षा, माझ्याच पापण्यांवर

मैत्रिणींनो, वयाच्या पंचेचाळिशीत मी आयुष्यातला पहिला मस्कारा लावला, आणि तोही बचत गटातल्या एका कर्जाच्या अर्जापायी!

झालं असं, की आमच्या गटातली एक मुलगी एस. टी. स्टॅण्डच्या मागच्या गल्लीत एका खोलीत पार्लर चालवते. आयब्रो, फेशियल आणि लग्नसराईत नवऱ्यांचा मेकअप. हात चांगला आहे तिचा. जानेवारीच्या बैठकीत तिने गटाकडे ‘ब्रायडल किट’साठी पंधरा हजारांचं कर्ज मागितलं आणि सोबत सामानाची यादी जोडली. यादीत एक मस्कारा अकराशे रुपयांचा आणि पापण्या वाढवणारं सीरम चोवीसशेचं. झालं, बैठकीत गलका! भाजीचा धंदा करणारी आमची एक सभासद म्हणाली, “पापणीला अकराशे? त्यात माझ्या घरचं महिन्याचं तेल येतं की!” पोरगी रडकुंडीला आली. म्हणाली, “ताई, नवरीची आई आधी ब्रँड विचारते. बाजारातला तीस रुपयांचा लावला, तर पुढचं लग्न दुसऱ्या पार्लरला जातं. आणि यावर लिहिलंय बघा, पापण्या चारपट भरदार!”

गटाची सचिव म्हणून शिफारस करायची माझ्यावर आली. बाकी ठीक, पण मस्कारातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. काजळापलीकडे मी कधी गेलेच नाही. शेवटी म्हटलं, “तुझ्याकडे आहेत ते आण बाई. मीच लावून बघते.”

तिने तीन आणले. एक तो यादीतला अकराशेचा, ओळखीच्या दुकानदाराकडून नवाकोरा. (पैसे मी दिले, हे घरात अजून सांगितलेलं नाही!) दुसरा साडेतीनशेचा वॉटरप्रूफ, तिच्या पार्लरमधला वापरातला. तिसरा आठवडी बाजारातला तीस रुपयांचा. कंपन्यांची नावं लिहीत नाही, कारण माझं भांडण कुणा एकीशी नाही.

तीस रुपयांचा आधी निकालात काढते. नाव एका मोठ्या ब्रँडसारखं, फक्त एक अक्षर इकडचं तिकडे. बनवणाऱ्याचा पत्ता नाही, बॅच नंबर नाही, कधीपर्यंत वापरायचा ती तारीख नाही. आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनांसाठी २०२० चे वेगळे नियम आहेत. त्यानुसार उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच, तारीख आणि आतल्या घटकांची यादी छापावी लागते. इथे यातलं काहीच नाही. मी तो मनगटावर लावून पाहिला, तर रॉकेलसारखा वास आला. डोळ्याजवळ नेलाच नाही.

आता अकराशेचा. चष्मा लावून आणि वर भिंग धरून त्यावरची घटकांची यादी वाचली. पाणी, मेण, काळ्या रंगासाठी आयर्न ऑक्साइड, पापणीवर पातळ थर धरणारं एक रसायन, टिकण्यासाठीची औषधं आणि नायलॉनचे बारीक तंतू. हे तंतू पापणीच्या टोकाला चिकटतात आणि ती लांब भासते. मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी घेऊन मी आरशासमोर उभी राहिले. आधी आठ मिलिमीटर आणि लावल्यावर फार तर नऊ. तेसुद्धा मुलाने पट्टी धरली म्हणून, नाहीतर मी डोळाच फोडून घेतला असता. तो म्हणाला, “आई, तू काय करतेयस हे मी वर्गात कुणाला सांगू शकत नाही.”

पण खरं सांगायचं तर फरक दिसत होता, आणि तो लांबीचा नव्हता. आपल्या पापणीचं टोक बारीक आणि फिकट असतं, त्यामुळे ते एरवी दिसतच नाही. काळा रंग बसला की होतं तेवढंच केसाचं टोक दिसायला लागतं. डोळे मोठे वाटतात. मला आवडलं. चार दिवस मी भाजी आणायलासुद्धा मस्कारा लावून गेले. आमच्या ‘ह्यां’ना पाचव्या दिवशी कळलं, तेही “झोप चांगली लागली का?” अशा प्रश्नातून.

मग ‘चारपट भरदार’चं काय? खोक्यावर त्या चारपटीशेजारी एक चांदणी होती. चांदणीचा खुलासा खोक्याच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात : काहीही न लावलेल्या पापण्यांच्या तुलनेत. म्हणजे रंग दिलेली भिंत रंग न दिलेल्या भिंतीपेक्षा जास्त रंगीत आहे, हे सांगायला अकराशे रुपये! शिवाय ‘चारपट’च्या आधी ‘पर्यंत’ होतं आणि ‘होतील’ नव्हे, ‘दिसतील’ होतं. आपण घाईत ‘होतील’ वाचतो.

या शब्दांच्या खेळावरून मोठमोठ्यांना कानपिचक्या मिळालेल्या आहेत. ब्रिटनमध्ये जाहिरातींवर लक्ष ठेवणारी एक संस्था आहे. २००७ साली लॉरिआलच्या एका मस्काराच्या जाहिरातीत अभिनेत्री पेनेलोपी क्रूझ होती आणि पापण्या ६० टक्क्यांपर्यंत लांब असा दावा होता. तिने खोट्या पापण्यांचे काही केस लावले होते, हे त्या जाहिरातीत सांगितलंच नव्हतं! संस्थेने आक्षेप घेतला. पुढे २०१२ मध्ये डिऑरच्या जाहिरातीत नताली पोर्टमनच्या पापण्या संगणकावर वाढवल्याचं निघालं आणि तीही जाहिरात बंद करावी लागली. गंमत म्हणजे ती तक्रार केली होती लॉरिआलने! म्हणजे खोक्यावरच्या नटीच्या पापण्या बघून आपण आपल्या पापण्यांना नावं ठेवतो आणि तशा पापण्या त्या नटीलाही नसतात.

मुळात हे सगळं सुरू झालं आपल्या काजळासारखंच. आपल्या आज्या दिव्यावर तांब्याची वाटी उपडी धरायच्या, काजळी खरवडायच्या आणि तुपात कालवायच्या. तिकडे अमेरिकेत, शिकागोत, मेबल नावाची एक मुलगी काजळी आणि व्हॅसलिन एकत्र करून पापण्यांना लावताना तिच्या भावाला दिसली. त्यावरून त्याने १९१५ मध्ये धंदा सुरू केला. मेबल आणि व्हॅसलिन मिळून झालं मेबेलिन! ही कहाणी त्या कंपनीचीच. (आपल्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबरही १९१५ आहे, त्यामुळे माझ्या तरी तो पक्का लक्षात राहिला. फसवा दावा किंवा बनावट माल दिसला तर तिथे फोन करता येतो.)

आता साडेतीनशेच्या वॉटरप्रूफची गोष्ट. त्याची परीक्षा घ्यायला पुतणीचं लग्न होतं. पार्लरमधल्या त्या ट्यूबमधून तिने सकाळी माझ्या पापण्या रंगवल्या. पत्र्याचा मांडव, दुपारचं ऊन, जेवणाच्या पंगती आणि मग पाठवणी. मी भरपूर रडले. जावेचं काजळ गालावर उतरलं, माझा मस्कारा जागच्या जागी. म्हटलं, दावा खरा निघाला! रात्री मात्र तो निघेचना. साबणाने घासघास घासलं, तर दोन-तीन पापण्या बोटावर आल्या. दुसऱ्या दिवशी तिने सांगितलं, की वॉटरप्रूफ पाण्याने निघत नाही, म्हणून तर ते नाव! कापसावर थोडं खोबरेल घ्यायचं, मिटलेल्या पापणीवर अर्धा मिनिट नुसतं ठेवायचं आणि अलगद पुसायचं. घासायचं नाही. तेल डोळ्यात जाऊ द्यायचं नाही.

तिसऱ्या दिवशी माझी वरची पापणी सुजली. लालभडक, ठणका. सासूबाई म्हणाल्या, रांजणवाडी आहे, लवंग उगाळून लाव. मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “मस्कारा कोणाचा वापरलात?” मी अभिमानाने ब्रँड सांगितला. ते म्हणाले, “ब्रँड नाही विचारला. कोणाचा?”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती ट्यूब तुळशीच्या लग्नानंतर उघडलेली होती. तेव्हापासून किती नवऱ्या, करवल्या, विहिणी त्या एकाच ब्रशखालून गेल्या असतील! डॉक्टर म्हणाले, तुमची रांजणवाडी त्यानेच झाली असं छातीठोक सांगता येणार नाही, पण ब्रश पापणीला लागतो, पुन्हा ट्यूबमध्ये जातो, आणि आतला ओलावा, अंधार जंतूंना फार मानवतो. पापणीच्या मुळाशी ज्या ग्रंथी असतात, तिथे जंतुसंसर्ग झाला की रांजणवाडी. आणि तसला ब्रश डोळ्याच्या बुबुळावर खरचटला, तर जखम होऊन नजरेवरसुद्धा बेतू शकतं. लवंग वगैरे काही नाही, कोमट पाण्याच्या घडीने दिवसातून तीन-चारदा शेका, फोडू नका, बरं होईपर्यंत डोळ्याला काही लावू नका, असं सांगून त्यांनी मलम दिलं. ट्यूब उघडली की साधारण तीन महिन्यांनी टाकायची. सुकली म्हणून पाणी किंवा थुंकी घालायची नाही. ब्रश आत खालीवर खुपसायचा नाही, त्याने हवा आत जाते. बऱ्याच ट्यूबांवर उघड्या डबीचं छोटं चित्र असतं आणि त्यात ‘६ एम’ असं काहीतरी, म्हणजे उघडल्यावर सहा महिने. मी त्या चित्राला आजवर कंपनीचा शिक्का समजत होते.

मी त्यांना सीरमचंही विचारून घेतलं. तर कळलं, की पापण्या खरोखर वाढवणारं एक औषध आहे. ते मुळात काचबिंदूचे थेंब. ते घालणाऱ्या पेशंटच्या पापण्या वाढलेल्या डॉक्टरांना दिसल्या आणि २००८ मध्ये अमेरिकेत त्या कामासाठीही त्याला मंजुरी मिळाली. पण त्याने पापणीची कातडी काळवंडू शकते, डोळ्याच्या बाहुलीभोवतीचा रंग कायमचा गडद होऊ शकतो. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घ्यायचं औषध आहे, पार्लरच्या फळीवर ठेवायची वस्तू नव्हे.

आणखी एक गोष्ट, जी ऐकून मी तडक पार्लर गाठलं. आपल्याकडे भुवयांचे पांढरे केस झाकायला केसांचा काळा डाय लावतात ना? १९३३ च्या सुमारास अमेरिकेत ‘लॅश ल्यूर’ नावाचा पापण्या-भुवया रंगवायचा डाय निघाला होता. त्याने काही बायका आंधळ्या झाल्या, एकीचा जीव गेला. १९३८ मध्ये तिथे सौंदर्यप्रसाधनांवर कायदा आला, त्यामागच्या कारणांत हेही एक होतं. त्या डायमध्ये पीपीडी नावाचं जे रसायन होतं, ते आजही केसांच्या पुष्कळशा काळ्या डायमध्ये आणि ‘काळी मेंदी’ म्हणून मिळणाऱ्या पुड्यांत असतं. म्हणून तर डायच्या खोक्यावर पापण्या-भुवयांना लावू नका, अंधत्व येऊ शकतं अशी सूचना असते. पार्लरमधलं खोकं मी तिला उलटं करून दाखवलं. ती वाचत राहिली आणि म्हणाली, “ताई, मी माझ्या आईला लावते हो हा. भुवयांना.”

मार्चच्या बैठकीत अर्ज पुन्हा आला. सीरम कटाप. अकराशेच्या जागी साडेतीनशेवालाच वॉटरप्रूफ, पण दर सराईत नवा. आणि यादीत नवीन भर : एकदाच वापरून टाकायच्या ब्रशांची पाकिटं आणि एक छोटी स्टीलची पट्टी. ट्यूबमधला मस्कारा स्वच्छ ब्रशने पट्टीवर काढायचा, तिथून नव्या ब्रशने लावायचा, पापणीला लागलेला ब्रश ट्यूबमध्ये परत न्यायचा नाही. साडेअकरा हजार मंजूर झाले. तेलाचा हिशेब मांडणाऱ्या बाईंनीच पहिला हात वर केला.

सगळं सुरळीत झालं असं नाही हं. परवा म्हणत होती, एका नवरीच्या आईने टाकलेले ब्रश गोळा करून पिशवीत घातले. “एवढे नवेकोरे कशाला टाकतेस? धुऊन वापरू की घरी!” तिने ते कात्रीने कापून टाकले. त्या बाई थोड्या रागावल्या. दुसऱ्या एकीने जाता जाता “मोठ्या ब्रँडचा नव्हता वाटतं?” असं ऐकवलंच.

माझी रांजणवाडी आठवड्यात बसली. अकराशेची ट्यूब मी टाकली नाही, जीव होईना. पण तिच्यावर मार्करने उघडल्याची तारीख लिहिली आहे. आता तिचे थोडेच दिवस उरलेत. काल सासूबाई पलंगावरून विचारत होत्या, “ते काळं काय लावतेस गं? मला लावून बघ की एकदा.” त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन वर्ष झालंय. म्हटलं, “आधी डॉक्टरांना विचारते. आणि हो म्हणाले, तर तुमच्यासाठी वेगळा ब्रश आणते.”